नऊला वीस कमी

तर फेस. काल गप्पा थांबवून आपण उठलो तेव्हा मी फेसापर्यंत आलो होतो. रविवारची सकाळ, आभाळात बोटभर ढग नाही, मागचे दहा दिवस कोरडे ठणठणीत, आणि डल्सी नॉस्कीच्या अंगणातल्या पर्जन्यमापकात साडेसहा मिलिमीटर, वर पांढराशुभ्र फेस. दुसरं कोणी असतं तर नाक मुरडून ओतून दिलं असतं. डल्सीने ते मापाच्या काचेत ओतलं, उजेडाला धरलं, हुंगलं, आणि कागदावर शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'पाऊस नाही. भांड्यात बिअर. मोजली तर साडेसहा.' महिना संपल्यावर तो कागद तसाच्या तसा शहरातल्या हवामान कचेरीला टपालाने गेला.

सोमवारी टॉन्किनबाईंच्या दुकानात आम्ही सगळे होतो. मर्व्ह शाब्स तिथे पिठाच्या पोत्यावर बसलेला. मर्व्ह म्हणजे गावाच्या उत्तरेचा शेतकरी, हजारभर मेंढ्यांचा धनी आणि गावातल्या सगळ्या उचापतींचा मूळपुरुष. डल्सी त्याच्यासमोर उभी राहिली.

"मर्व्ह, पुढच्या वेळी ग्लास पुरता ओत. अर्धवट ओतलास की फेसामुळे दशांश नीट वाचता येत नाही."

"मी काय केलं?"

"तू केलंस असं मी कुठे म्हटलं? तुझ्याकडे बघून बोलतेय, एवढंच."

मर्व्हने ते कबूल करायला आठ वर्षं घेतली. तेही गाव सोडून जायच्या दिवशी, ट्रकवर पलंग बांधता बांधता. पण तो दिवस पुढे येईल. तिथे जायची मला घाई नाही.

आधी हे भांडं तिच्या अंगणात आलं कसं ते सांगतो, कारण ते मीच आणलं. मी तेव्हा रेल्वेत गँगमन. विरापंगाच्या, म्हणजे आमच्या गावाच्या, स्टेशनात पन्नासएक वर्षं स्टेशनमास्तर पाऊस मोजायचे. चौऱ्याहत्तर साली रेल्वेने स्टेशनाला कुलूप लावलं. गाड्या जायच्या, पण थांबायच्या नाहीत. मास्तर गेले, त्यांची कोंबडी गेली, भांडं तेवढं फलाटामागे राहिलं. मग हवामान कचेरीचा एक तपासनीस आला, टाय लावलेला, बुटांवर आमची लाल धूळ घेऊन, आणि पबमध्ये येऊन विचारता झाला की हे काम घरच्या घरी कोण करील.

"पगार?" मर्व्हने विचारलं.

"पगार नाही. छापील कागद मिळतील, तिकीट लावलेली पाकिटं मिळतील."

"सुटी?"

"रोज सकाळी नऊला वाचायचं. रविवारीसुद्धा."

"नाताळला?"

"नाताळलासुद्धा."

"मग तुला माणूस नको, बाबा. कोंबडा हवा."

सगळे हसले. तपासनीसही हसला बिचारा, पण त्याचा चेहरा पडलेला. तिथून तो दुकानात पाकिटं घ्यायला गेला, आणि त्या दिवशी टॉन्किनबाईंना मदत म्हणून काउंटरमागे टपाल निवडत होती डल्सी. वय अडतीस. लग्न केलेलं नाही. आईबाप गेल्यावर भाऊ एर्विन आणि ती दोघंच राहायची, गावाच्या शेवटच्या घरात. घरामागून एर्विनची कुरणं सुरू व्हायची. मी सातवीत शाळा सोडली, डल्सी दहावीपर्यंत शिकली, म्हणजे आमच्या हिशेबाने पंडितच. तिला मास्तरीण व्हायचं होतं. आई अंथरुणाला खिळली आणि ते राहिलं. तपासनीसाने तिला सगळं परत सांगितलं. तिने एकच प्रश्न विचारला:

"पाऊस पडला नाही त्या दिवशी काय लिहायचं?"

"शून्य."

"आणि मी बघितलंच नाही तर?"

"तर कोरं ठेवायचं."

त्या उत्तराने ती का खूश झाली कोण जाणे. पुढे मला कितीदा तरी तिने ते समजावलं असेल. "शून्य म्हणजे मी गुडघ्यावर बसून पाहिलं आणि काही नव्हतं. कोरं म्हणजे मी पाहिलंच नाही. दोन्ही एक नाहीत, आल्फ." मी हो हो म्हणायचो. माझ्या लेखी दोन्हीत पाणी नव्हतं.

तपासनीस टेप घेऊन अंगणात गेला आणि परत आला तो मान हलवत. आईच्या हातचं मिरीचं झाड होतं तिथे. आमच्याकडचं ते लोंबत्या पानांचं झाड, अख्ख्या अंगणाची सावली. भांड्याजवळ उंच काही नको असा नियम. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतर सोडायचं तर भांडं कुंपणाबाहेर जात होतं. एक तर झाड, नाही तर भांडं.

"आईचं झाड आहे," एर्विन म्हणाला.

"आईचा जन्म पावसाची वाट बघण्यात गेला," डल्सी म्हणाली. "ती काही म्हणणार नाही."

मी आणि एर्विनने करवत धरली. दुपारपर्यंत झाड आडवं झालं. मग मी स्टेशनात गेलो, भांडं उपटलं आणि एकचाकी हातगाडीवर घालून सबंध रस्त्याने वाजवत आणलं. जस्ताचं भांडं, एका हाताच्या उंचीचं, तोंड वीतभर रुंद. पबच्या दारातून कोणीतरी ओरडलं, "डल्सी, सावली देऊन डबा घेतलास गं." ती हसली. तेव्हा सगळे हसायचे.

ती बसायची कशी ते बघायला हवं होतं तुम्ही. रेडिओवर नऊचे टोले पडायला लागले की ती मागच्या दारातून बाहेर, शेवटच्या टोल्याला तिचा गुडघा गोणपाटावर. पाणी काचेत ओतायचं, डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा, श्वास रोखायचा. मग घरात जाऊन कागदावर, आणि तिथून दुकानात. टॉन्किनबाईंनी दाराशी एक काळा फळा टांगला होता. त्यावर खडूने आकडा. लोक पावाला यायचे आणि आधी फळा बघायचे. एकदा पावसानंतर भांड्यात बेडूक सापडला. डल्सीने बेडकासकट पाणी मोजलं, बेडूक काढून परत मोजलं, आणि दोन्ही आकडे कळवले. कचेरीतून पत्र आलं, 'कृपया यापुढे बेडूक वगळावा.' तिने ते पत्र काच लावून भिंतीवर टांगलं. माझी बायको म्हणायची, बाकीच्या बाया नातवंडांचे फोटो लावतात.

अशी आठ वर्षं गेली. मग ब्याऐंशी साल आलं.

त्या वर्षाचं मी फार सांगत नाही. आमच्याकडे पावसाळा एप्रिलनंतरचा; एप्रिलात कोरड्यात पेरणी झाली, मे महिन्यात वाऱ्याने ती उपटून नेली. धूळ अशी की दुपारी दिवे लावायचे. मेंढ्या कुंपणाला टेकून उभ्या राहायच्या, कारण बसल्या की उठता यायचं नाही. सकाळी जाऊन एर्विन त्यांना शेपटाला धरून उभं करायचा, एकेकीला. काही उभ्या राहायच्या. वैरण आणायची तर चारशे मैलांवरून, आणि आणायला कोणाच्या खिशात काही उरलं नव्हतं. फळ्यावर शून्य, शून्य, शून्य. एखाद्या दिवशी एक पूर्णांक दोन. डल्सी भांडं धूळ झटकून परत ठेवायची. काही सकाळी त्यात पाण्याऐवजी माती निघायची.

आता हे नीट ऐका, कारण सगळं यावर आहे. सरकारने जाहीर केलं की ज्या भागात एप्रिल ते ऑगस्टअखेर सत्तर मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस, तो भाग दुष्काळी. दुष्काळी म्हणजे वैरण रेल्वेने फुकट दारात, आणि मेंढ्या हिरव्या मुलखात न्यायला गाड्या. आमच्या अख्ख्या भागाचा पाऊस म्हणजे एकाच भांड्यातला. पूर्वीचं स्टेशनाचं, आता डल्सीच्या अंगणातलं. ऑगस्टच्या तीस तारखेला तिची बेरीज होती सहासष्ट पूर्णांक दोन.

म्हणजे आम्ही चार मिलिमीटरने वाचलो होतो. एक दिवस काढायचा होता. सहा महिने ज्या चर्चमध्ये आम्ही पावसासाठी गुडघे टेकले, तिथे आदल्याच रविवारी पाळकाने पावसाची प्रार्थना घेतली आणि एकाही बाकावरून आमेन उमटलं नाही. टॉन्किनबाई खोकल्या तेवढ्या. पाळक नवीन होता, त्याला काही कळेना.

एकतीस तारीख, मंगळवार. मी लाइनवर होतो, फाटकाजवळ. पश्चिमेकडून एक ढग आला. मोठा नाही, गावाएवढा. मी त्याच्याकडे बघत उभा राहिलो, जसं भरधाव गाडीकडे बघावं तसा. गावावर आला आणि फुटला. पत्र्यांवर असा आवाज झाला की कुत्री ओरडायला लागली. रेल्वेचं घड्याळ माझ्या खिशात होतं, बाहेर काढलं: नऊला वीस कमी. पंधरा मिनिटं पडला असेल. फाटकापाशी रस्त्यावर ओल थांबली होती, चाकूने कापावी तशी सरळ. अलीकडे चिखल, पलीकडे धूळ. पलीकडे म्हणजे सगळी शेतं. एकाही कुरणात थेंब नाही. पडला तो बारा घरांवर, एका पबवर, चर्चवर आणि डल्सीच्या भांड्यात.

मी हत्यारं तिथेच टाकून आलो. कुंपणाशी मर्व्ह होता, टॉन्किनबाई होत्या, एर्विन होता. घरात रेडिओचे टोले वाजले आणि डल्सी बाहेर आली. नेहमीसारखीच बसली. पण उठायला वेळ लावला.

"किती?" मर्व्हने विचारलं.

"अकरा पूर्णांक चार."

"मिळून?"

"सत्त्याहत्तर पूर्णांक सहा."

मर्व्हने टोपी काढली, परत घातली. मग म्हणाला, "पाऊस नऊनंतर पडला, डल्सी."

नियम असा होता की सकाळी नऊला भांड्यात जे असेल ते त्या तारखेचं. नऊनंतर पडलं तर ते दुसऱ्या सकाळी मोजायचं, दुसऱ्या तारखेला लिहायचं. दुसरी तारीख म्हणजे एक सप्टेंबर. आणि सप्टेंबर कोणी मोजत नव्हतं.

"नऊच्या आधी पडला," डल्सी म्हणाली.

"मी तर नंतर पाहिला. टॉन्किनबाई, तुम्ही?"

"मी चष्मा लावला नव्हता," टॉन्किनबाई म्हणाल्या. "वाजले असतील नऊ."

"आल्फ?"

मी खिशातलं घड्याळ मुठीत धरलं आणि म्हणालो, "नंतरच."

डल्सीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. हातात काच होती, ती तिने एप्रनला पुसली आणि आत गेली.

महिन्याचा कागद त्याच दिवशी जायचा. टपालाची मोटारगाडी दुपारी तीनला यायची. बारा वाजता पबमध्ये ठरलं की मीच जायचं, कारण भांडं मी आणलं होतं. मी म्हटलं, मी गँगमन, माझं एक मेंढरू नाही. मर्व्ह म्हणाला, म्हणूनच जा.

ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. समोर कागद. तीसपर्यंत सगळे रकाने भरलेले, तिच्या त्या सुबक अक्षरात. एकतीसचा कोरा, आणि त्याच्याखाली छापलेला पुढच्या एक तारखेचाही. एर्विन खिडकीशी पाठ करून उभा. तिने मला चहा दिला, मधाची बिस्किटं पुढे केली. ऑगस्टातही ती बिस्किटं होती तिच्याकडे, कोण जाणे कशी.

"बोल," ती म्हणाली. "पबने पाठवलंय ना."

"वीस मिनिटं, डल्सी. आकड्याला कोणी हात लावत नाही. अकरा पूर्णांक चारच लिही. फक्त एका रकान्याने खाली."

"म्हणजे पाणी खरं आणि वेळ खोटी."

"आम्ही सगळे साक्षीला आहोत."

"ते पाहिलं मी सकाळी. तुझ्या मुठीत घड्याळ टिकटिकत होतं, मला कुंपणाआतून ऐकू येत होतं."

मला लाज वाटली, पण मी तिथे लाजायला गेलो नव्हतो. मी म्हटलं, "शेतात थेंब नाही. तूच जाऊन बघ. मग तुझं भांडंच खोटं बोलतंय. खोट्याला खोट्याने सरळ केलं तर काय बिघडलं?"

"भांडं खोटं बोलत नाही रे. त्याच्यावर जे पडलं ते सांगतं."

"मग ते गावात नको होतं, शेतात हवं होतं."

"हातगाडी तू ढकलत होतास."

मी बिस्किट खाल्लं. मग ती म्हणाली, हळू आवाजात, "सकाळपासून तीनदा पेन उचललाय मी, आल्फ. तीनदा खालच्या रकान्यावर ठेवलाय. मी काही दगड नाही." आणि वळून खिडकीकडे बघून म्हणाली, "एर्विन, तू सांग. तू म्हणालास तर मी लिहिते खाली."

एर्विन वळला नाही. तसाच म्हणाला, "माझ्या मेंढ्या किती आहेत तुला माहीत आहे."

"तीनशे बेचाळीस. काल त्रेचाळीस होत्या."

"मग मी कशाला सांगू? तुला कळायला हवं."

मी तेव्हाही म्हणत होतो, आताही म्हणतो. त्याने 'लिही' म्हटलं असतं तर तिने लिहिलं असतं. त्याला वाटलं, तिने आपणहून करावं. तिला वाटलं, त्याने एकदा तोंडाने म्हणावं. एका आईची दोन लेकरं, एका टेबलाशी चाळीस वर्षं जेवलेली, आणि तो एक शब्द कोणीच उचलेना. मीही मध्ये पडलो नाही. मी चहा ढवळत होतो.

तिने पेन उचलला आणि एकतीसच्या रकान्यात लिहिलं. मग शेऱ्याच्या रकान्यात लिहायला लागली, तो भरला तर समासात, समास भरला तर मागच्या बाजूला. मी तिरका होऊन वाचलं: 'पाऊस सकाळी ८.४० ते ८.५५, फक्त गावावर. फाटकापलीकडे रस्ता कोरडा. शेतात शून्य. कृपया हा आकडा शेतांचा धरू नये. मेंढ्या उभ्या राहू शकत नाहीत.' तीनला गाडी आली. पाकीट तिने स्वतः पिशवीत टाकलं.

शेरे कोणी वाचले नाहीत. दुष्काळ ठरवणारं खातं वेगळं, त्यांच्याकडे नुसती बेरीज जायची. तिने त्यांना दोन पत्रं लिहिली, एक तिच्या नावाने, एक सगळ्यांच्या सह्यांचं. सह्या गोळा करायला ती दारोदार फिरली. सगळ्यांनी केल्या, पण घरात ये असं एकाने म्हटलं नाही. उत्तर आलं की पुढचा आढावा मार्चमध्ये.

सप्टेंबरात आमच्या दोन्ही बाजूंचे भाग दुष्काळी ठरले. आणि मग वैरणीची गाडी आली. हे मी कोणाला फार सांगत नाही, पण आज बसलोच आहोत तर सांगतो. गाडी विरापंगाला थांबायची नव्हती. पुढच्या स्टेशनला जायची होती, तीस मैल पलीकडे. लाइन मोकळी आहे असं दाखवायला फाटकाशी हिरवा बावटा घेऊन उभा कोण? मी. तेवीस डबे गवताचे, सोनेरी, वास असा की डोळ्यांत पाणी यावं. रस्त्याच्या कडेला मर्व्ह, त्याची बायको, आणखी चार घरं उभी. मी बावटा हलवला आणि गाडी गेली.

वाऱ्याने डब्यांतून काड्या उडाल्या होत्या, रुळाच्या कडेने पसरल्या होत्या. पहिल्यांदा मर्व्हची बायको वाकली. मग सगळेच दाताळी आणि पोती घेऊन आले. नियमाने लाइनवर माणसं येऊ द्यायची नाहीत, मी पाठ फिरवून उभा राहिलो. थोड्या वेळाने डल्सी आली, हातात गोणपाट, तेच गुडघ्याखालचं. ती आली तसे बाकीचे पुढे सरकले. ती पुढे गेली, ते आणखी पुढे. असं करत करत मैलभर गेले सगळे, मध्ये तेवढं अंतर ठेवून. तिला जेमतेम अर्धं गोणपाट मिळालं. पुढचे सगळं वेचत चालले होते ना.

ऑक्टोबरात खड्डे खणले. बाजारात मेंढीला कोणी विचारत नव्हतं आणि खाऊ घालायला काही नव्हतं, मग काय करायचं असतं ते आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. एर्विनच्या कुरणात मी खणायला मदतीला होतो. दोनशे शहाण्णव उरल्या होत्या. बंदूक एर्विनने दुसऱ्या कोणाला धरू दिली नाही. कुरणाचं फाटक डल्सीने धरलं होतं. ती दहा-दहा आत सोडायची. दुपारी जेवायला थांबलो तेव्हा मी म्हटलं, एर्विन, उरलेल्या मी करतो, तू बस. तो म्हणाला, "तुझ्या कुठे आहेत त्या." मग डल्सीने डबा उघडून त्याच्यापुढे धरला. त्याने तो घेतला, माझ्या हातात दिला आणि परत खड्ड्याकडे गेला. त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलला नाही. भांडला असता तर बरं होतं. एका घरात, एका स्वयंपाकघरात, पाच आठवडे. मीठ हवं असलं तर उठून स्वतः घ्यायचा. नोव्हेंबरात त्याने शहरात कुठल्याशा गोदामात काम धरलं आणि सकाळच्या बसने गेला. ती फाटकापर्यंत आली होती. बस सुटली, त्याने खिडकी लावून घेतली. धूळ फार होती, मी तिला म्हटलं, धुळीमुळे लावली असेल. ती म्हणाली, हो.

फळा टॉन्किनबाईंनी काढून मागच्या खोलीत ठेवला. खडू संपले म्हणाल्या. मागच्या खोलीत खडूचे चार डबे होते, मी स्वतः पाहिले. आकडा सांगायला डल्सी रोज दुकानात यायची ते थांबलं. पाव आठवड्यातून एकदाच न्यायला लागली.

नाताळपर्यंत पाच घरांना कुलपं लागली. मर्व्ह जानेवारीत गेला. त्याचा ट्रक बांधायला मी होतो. दोर आवळता आवळता तो एकदम म्हणाला, "ती बिअर मीच ओतली होती." मी म्हटलं, ते अख्ख्या गावाला माहीत आहे. तो म्हणाला, "तिला सांग." मी म्हटलं, घर दोनशे पावलांवर आहे, तूच सांग जा. तो त्या दिशेला बघत राहिला, मग ट्रकमध्ये चढला. शाळेत सात मुलं उरली, तर शाळा बंद. पाळक महिन्यातून एकदा यायला लागला, मग तोही येईना.

नवीन वर्षात हवामान कचेरीकडून तिला छापील कार्ड आलं. आपल्या अखंड निरीक्षणांबद्दल आभारी आहोत. खाली कोणाची तरी सही, तीही छापील. बेडकाच्या पत्राशेजारी जागा होती भिंतीवर. तिने ते कार्ड लावलं नाही. चुलीत घातलेलंही मी पाहिलं नाही. कुठे गेलं माहीत नाही.

मग मार्चमध्ये पाऊस आला. खरा. रात्रभर, सगळीकडे, फाटकाच्या अलीकडे आणि पलीकडे. सकाळी मी कुंपणाशी गेलो, सवयीने. मी एकटाच होतो. रिकाम्या कुरणांत पाणी साचलेलं, त्यात आभाळ दिसत होतं, आणि ते प्यायला एक मेंढरू नव्हतं. रेडिओचे टोले झाले, ती आली, गोणपाटावर बसली, दोनदा काच भरावी लागली. एक्केचाळीस. तिने मला आकडा सांगितला नाही, मी विचारल्यावर सांगितला. केस सगळे पांढरे झाले होते तिचे. सहा महिन्यांत. मी ते तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, कारण तोवर तिच्याकडे सरळ बघायचं मीही टाळत होतो.

मी म्हटलं, "डल्सी, गावात कोणी म्हणो न म्हणो, मी म्हणतो. तू लिहिलंस ते खरं होतं."

तिने काच पुसली. मला वाटलं, ती आत जाईल. मग ती बोलली, आणि ते मी शब्द न शब्द सांगतो, माझं काही न घालता.

"खरं होतं ते मला ठाऊक आहे, आल्फ. त्या दिवशी मला वाटलं होतं, खरं लिहिलं की बाकी काही नाही तरी रात्री झोप तरी लागेल. तीही लागत नाही."